वाकळीच्या पोटात काय आहे?

या वेळेला कुणाच्या हातात लाटणं असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या. आज मी वाकळीबद्दल बोलणार आहे. कुणी तिला गोधडी म्हणतं, आमच्या माणदेशाकडं वाकळ म्हणतात, आणि बाळाची असली की दुपटं. नाव काहीही असो, आपल्यापैकी प्रत्येकीचा जन्मानंतरचा पहिला बिछाना तोच.

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या पाठ केल्या. वाकळ एकाही पुस्तकात नव्हती. मलाही तेव्हा ती असायला हवी असं वाटलं नाही. गेल्या वर्षी आमच्या बचत गटात एक गोष्ट घडली आणि मला वाटायला लागलं, की इतिहास आपल्या घरात घडी करून ठेवलेला आहे, आपण त्यावर झोपतो एवढंच.

भाद्रपदातली गोष्ट. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. ओढ्याला पाणी असलं तर ओढ्यावर, नाहीतर विहिरीवर, बोअरवर. त्या धुण्यात आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर आजींची वाकळ कडेनं उसवली. त्या ती घेऊन समाजमंदिरात आल्या, तिथं आमच्या बायका शिवायला बसतात. म्हणाल्या, "पोरींनो, वरनं एक जुनं लुगडं चढवून द्या, अजून धा वर्सं जाईल." कड नीट करायची म्हणून आम्ही एका बाजूची शिवण उसवली, आणि आतले पदर मोकळे झाले. पाच पदर होते. आजी एकेका पदरावर हात ठेवून सांगत गेल्या आणि आम्ही ऐकत गेलो.

सर्वांत वरचा पदर पॉलिस्टरच्या फुलाफुलांच्या साडीचा. ती त्यांच्या सुनेची, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. पॉलिस्टर आणि टेरिकॉट आपल्या गावांत १९७० नंतर हळूहळू शिरलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत घराघरांत पोचलं. आज आपण सुती कापडाचं कौतुक करतो, पण त्या वेळी बायकांनी ही साडी आनंदानं घेतली, हे विसरू नका. ओलं झालेलं नऊवार सुती लुगडं विहिरीवरून पिळून आणायचं म्हणजे खांदा भरून यायचा. नवी साडी हलकी, झटकली की वाळली, रंग जात नाही. वाकळीला मात्र ती मानवली नाही. घाम शोषत नाही, सुईखालून निसटते, आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

दुसरी गोष्ट मापाची. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट कापड. पन्हा पावणेचार फूट धरला, तर सात फूट लांब आणि पाच फूट रुंद वाकळीचे जवळपास तीन पदर एका लुगड्यात निघतात. सहावारी साडीत दोनही पुरते निघत नाहीत. बायका नऊवारीवरून सहावारीवर आल्या, तेव्हा वाकळीला लागणारं जुनं कापडच घरात कमी झालं.

दुसरा पदर पांढऱ्या धोतराचा, आजींच्या मालकांचं. मालक मुंबईला गिरणीत होते. कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली काढली. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ सातारा-सांगलीचे, कोकणातले पुरुष त्या गिरण्यांत राबले आणि बायका गावाकडं शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत राहिल्या. गिरणीवाला सुट्टीला आला की कापड घेऊन यायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. कित्येक जण परत कामावर गेलेच नाहीत. आजींचे मालकही वळकटी घेऊन गावी आले. आजी म्हणाल्या, "त्या वर्सापास्नं धोतरं फाटली की फाटली. नवं आनायला हुतं कोन?" ते धोतर मग वाकळीत गेलं.

तिसरा पदर लहान लहान तुकड्यांचा: मुलांच्या खाकी चड्ड्या, एक झंपर, उशीचा अभ्रा. इचलकरंजीचं पॉपलीनही त्यात होतं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि पुढं ते गाव यंत्रमागाचंच झालं. आपल्या भागातल्या बाजारात स्वस्त सुती कापड यायचं ते बरंचसं तिथलं.

चौथा पदर पाहून आम्हाला आधी कळेचना. जाडंभरडं, पिवळट कापड आणि त्यावर पुसट अक्षरं. ती पिठाची सुती पोती होती, उसवून, धुऊन जोडलेली. १९७२ च्या दुष्काळातली. त्या वेळी आजी नालाबंडिंगच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. कामावर पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. अंगावरचं लुगडंच धड नव्हतं, तर वाकळीला कुठून आणायचं? म्हणून पोती. "लई दिस टोचायचं," आजी म्हणाल्या, "मग धुऊन धुऊन मऊ झालं."

आणि सर्वांत आत, पाचवा पदर, इरकल लुगड्याचा. आजींच्या सासूचं. वरून इतकी वर्षं ऊन, पाणी, धूळ खाऊन वाकळ विटून गेली होती, पण आतलं ते लुगडं अजून गडद हिरवं होतं, कारण त्याला ऊन कधी लागलंच नव्हतं. काठ तसाच तांबडा. आजींनी त्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता सांगा, गिरणी, संप, दुष्काळ, यंत्रमाग, पॉलिस्टर हे सगळं एका वाकळीत बसलं की नाही? आजींना सही करता येत नाही. पण आपल्या घराची वही त्यांनी लिहिली आहे, सुईनं.

जुनी कापडं जोडून वापरणं ही फक्त गरिबीची गोष्ट आहे, असं मात्र समजू नका. त्याला आपल्या देशात मोठा मान होता. अडीच हजार वर्षांपूर्वी गौतम बुद्धांच्या भिक्खूंची चीवरं टाकून दिलेल्या कापडाच्या तुकड्यांची असत. ते तुकडे कसे जोडायचे, याचीही एक गोष्ट बौद्ध ग्रंथांत आहे. मगध देशातली भाताची खाचरं आणि त्यांच्यामधले बांध पाहून बुद्धांनी आनंदाला विचारलं, की असं चीवर शिवता येईल का? आनंदानं तसं शिवून दाखवलं. म्हणजे कापडाचे तुकडे ही वाफ्यांसारखी आणि शिवणी बांधांसारख्या. आपण वाकळीला चौकोन जोडतो, ते याहून फार वेगळं नाही. अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर गाडगेबाबांचं. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. अंगावर ठिगळांचं वस्त्र, हातात खराटा आणि गाडगं. लोक त्यांना गोधडे महाराज असंही म्हणत. ठिगळाची लाज त्यांना वाटली नाही. उलट त्या ठिगळांसकट त्यांनी गावंच्या गावं झाडली.

आता ज्या मुलींना वाकळ शिवायला शिकायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. आमच्या आजींनी शिकवलं ते, त्यांच्याच क्रमानं.

पहिलं, कापड धुऊन वाळवून घ्या. न धुतलेलं कापड आत गेलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वाकळ गोळा होते. सुती आणि पॉलिस्टर एकाच पदरात शेजारी शेजारी जोडू नका. एक आटतं, दुसरं आटत नाही, मग चुण्या पडतात. सुती आत, सुतीच अंगाकडच्या बाजूला. पॉलिस्टर वापरायचंच असेल तर वरच्या एका पदराला अख्खं वापरा.

दुसरं, विरलेला भाग काढून टाका. कापड उजेडाकडं धरा, जिथून आरपार दिसतं तिथं टाका टिकत नाही. सुती कापड कात्रीनं कापण्यापेक्षा छोटी चीर देऊन हातानं फाडा. ते धाग्यात सरळ फाटतं आणि चौकोन वाकडा होत नाही.

तिसरं, ठिगळं जोडताना आधी चौकोन शिका. सगळे चौकोन एका पुठ्ठ्याच्या मापानं घ्या आणि शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच जास्त ठेवा. चौकोन जमला की तो कर्णावर दुमडून कापा, त्रिकोण मिळतो. दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडले की पुन्हा चौकोन. एवढ्यावर कितीतरी नक्ष्या होतात. त्रिकोणाची तिरकी बाजू ताणली जाते, म्हणून ती शिवताना ओढू नका, नुसती धरा.

चौथं, पदर अंथरणं. जमीन सारवलेली किंवा पुसलेली हवी. सर्वांत खाली मजबूत कापड, मध्ये मऊ आणि तुकड्यांचं, वर देखणं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि मधून कडेकडं हातानं सुरकुत्या काढत जा. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे पदर टाचून घ्या, तेही मधून बाहेर. ही पायरी नव्या मुली गाळतात, आणि शेवटी वाकळीचा एक कोपरा विटा रचल्यासारखा उंच होतो.

पाचवं, धावदोरा. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याचा गुंता होतो. गाठ पदरांच्या आत लपवा. सुई सगळ्या पदरांतून खाली जाऊन वर आली पाहिजे, हे दुसऱ्या हाताच्या बोटानं खालून चाचपून बघा. दोन ओळींत पाऊण इंच अंतर ठेवा. इतक्या जवळ ओळी का? कारण एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी बाजूच्या ओळी कापड धरून ठेवतात. म्हणूनच वाकळ पंचवीस-तीस वर्षं जाते.

हे झालं शिवण्याचं. आता मोजण्याचं. कारण आमच्या गटात खरं भांडण तिथंच झालं.

आजींची वाकळ उघडली, त्याच्या आधी सहा महिने आम्ही तालुक्याच्या एका प्रदर्शनात अकरा वाकळी विकल्या होत्या. किंमत सहाशे रुपये. ती किंमत मी ठरवली होती. जुन्या कापडाला याहून जास्त कोण देणार, असा माझा विचार. दोन दिवसांत सगळ्या गेल्या. सहा हजार सहाशे रुपये जमले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी खूश होते.

आजींनी त्या दिवशी आपली वाकळ उसवता उसवता सहज विचारलं, "पोरी, तू सहाशेला इकलीस, त्यात शिवायचं किती आलं?" मला सांगता येईना. मग आम्ही मोजायला बसलो.

सात फूट बाय पाच फूट वाकळ. पाच फूट रुंदी म्हणजे साठ इंच. पाऊण इंचावर एक ओळ, म्हणजे ऐंशी ओळी. एक ओळ सात फुटांची, म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. ऐंशी ओळींचं झालं सहा हजार सातशे वीस इंच. इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांवर टाके. एका वाकळीत! गटातल्या एका सुनेनं मोबाइलवर वेळ लावली. हात बसलेल्या बाईला एका ओळीला वीस मिनिटं लागली. ऐंशी ओळींचे सोळाशे मिनिटं, म्हणजे पावणेसत्तावीस तास. धुणं, फाडणं, जोडणं, टाचणं यांचे आठेक तास धरले तर पस्तीस तास.

सहाशेतून खालच्या बाजूचं नवं मांजरपाट आणि दोरा यांचे अडीचशे वजा केले. राहिले साडेतीनशे. पस्तीस तासांना साडेतीनशे. तासाला दहा रुपये.

समाजमंदिरात कुणी बोलेना. आमच्याकडं खुरपणीला सात तासांचे तीनशे रुपये मिळतात. त्या हिशोबानं पस्तीस तास म्हणजे पाच दिवस, पंधराशे रुपये. बायकांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, पण मला मान वर करवेना.

तेव्हा आजींनी जी गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांची आई गावात लोकांच्या वाकळी शिवून द्यायची. घरात खूप लेकरं असली, किंवा बाई आजारी असली, किंवा घर पैशाचं असलं, की वाकळ शिवायला बाई बोलवायचे. कापड आणि दोरा ज्याचा त्यानं द्यायचा. शिवायची मजुरी चार पायल्या ज्वारी. दुपारची भाकरी वेगळी.

घरी येऊन मी आमची जुनी पायली काढली. पायलीचं माप गावागणिक बदलतं, पण आमच्या पायलीत ज्वारी साडेतीन किलो भरली. चार पायल्या म्हणजे चौदा किलो. आज आमच्या बाजारात ज्वारी चाळीस रुपये किलो. चौदा चोक छप्पन्न, म्हणजे पाचशे साठ रुपये. आजींच्या आईला नुसत्या शिलाईचे आजच्या भावानं पाचशे साठ मिळत होते, आणि बी.ए. झालेल्या माझ्या हिशोबात साडेतीनशे.

मी इतकी वर्षं सभेत बोलते, की बाईच्या कामाला किंमत नव्हती, आता बचत गटामुळं आली. आजींच्या आईनं मला दाखवून दिलं, की किंमत होती. घरच्या वाकळीला कुणी पैसे देत नव्हतं, पण तीच वाकळ दुसऱ्याची शिवली की मजुरी ठरलेली होती, मापून घेतली जात होती. आपण ती विसरलो. विकायला बसलो तेव्हा जुन्या कापडाची किंमत लावली, टाक्यांची लावलीच नाही.

आपल्यासारख्या आणखी बायकांनी यावर काय केलं, तेही थोडं सांगते. एक उदाहरण शेजारच्या कर्नाटकातलं. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांतल्या अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं, आणि काही तिथून पळून घाटावरच्या जंगलात गेले. त्यांच्या बोलीत अजून कोकणी शब्द खूप आहेत. तिथल्या बायका जी गोधडी शिवतात तिला कावंदी म्हणतात. आपण सरळ ओळी घालतो, त्या कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत मधोमध येतात. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी दुमडलेले तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसली तर कावंदी उघडी वाटते, असं त्या मानतात. आज या कावंद्या संग्रहालयांत आणि देशोदेशीच्या प्रदर्शनांत लागतात.

दुसरं उदाहरण लांबचं, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं. तिथं नदीच्या वळणात जीझ बेंड नावाचं खेडं आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या लोकांची पुढची पिढी तिथं राहते. त्या बायका मळ्यात घालून फाटलेल्या पँटी, शर्ट आणि पोती जोडून गोधड्या शिवत. कारण आपलंच: थंडी होती आणि पैसा नव्हता. १९६० च्या आसपास तिथले लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला जाऊ लागले, तेव्हा काहींना राहत्या जागेतून काढलं गेलं, नदी ओलांडायची नावही बंद झाली. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी मिळून गोधड्यांची एक सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. आपल्या भाषेत म्हणायचं तर स्वातंत्र्याचा गोधडी गट. गोधड्यांच्या पैशातून संस्थेनं जमीन घेतली आणि घर गेलेल्या काही कुटुंबांना त्यातले तुकडे घरासाठी विकले. २००२ साली या खेड्यातल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात लागल्या, आणि २००६ साली अमेरिकन सरकारनं त्यांची टपाल तिकिटं काढली. शिवताना त्यांच्या मनात संग्रहालय नव्हतं, लेकरांची थंडी होती. पण विकायची वेळ आली तेव्हा त्या एकेकट्या विकायला गेल्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आता आमच्या गटाचं पुढं काय झालं ते सांगते. सगळं गोड झालं असं नाही.

आम्ही किंमत अठराशे केली. पुढच्या प्रदर्शनात नऊ वाकळी नेल्या, चार गेल्या, पाच परत आल्या. एका व्यापाऱ्यानं तोंडावर सांगितलं, की मशीनची गोधडी यापेक्षा निम्म्यानं मिळते. परत आल्यावर गटात वाद झाला. एका बाईच्या मुलाची फी भरायची होती. ती म्हणाली, "ताई, मला सहाशे चाललं असतं, निदान हातात आलं असतं." तिचं चूक नव्हतं. गरज दारात उभी असते, हिशोब वहीत असतो. तिची फी आम्ही गटाच्या अंतर्गत कर्जातून भरली, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग तोडगा पुन्हा आजींच्या आईच्या पद्धतीतच सापडला. कापड ज्याचं त्याचं, शिलाई आमची. पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या गावच्या लोकांच्या कपाटांत आईच्या, आजीच्या साड्या पडून आहेत. टाकवत नाहीत आणि नेसायला कुणी नाही. आम्ही निरोप पाठवला: साड्या पाठवा, वाकळ शिवून देतो, शिलाईचे पंधराशे, दोरा आणि खालचं कापड वेगळं. या वर्षी अशा सहा वाकळी शिवल्या. एकानंही किंमत पाडून मागितली नाही, कारण त्यांना जुनं कापड विकत घ्यायचं नव्हतं, आपल्या आईची साडी अंगावर घ्यायची होती.

सोबत लहान दुपटी चालू केली. तीन फूट बाय तीन फूट दुपट्याला शिवायला सात तास आणि तयारीला एक तास लागतो, म्हणजे साधारण खुरपणीचा एक दिवस. साडेतीनशे मजुरी आणि सत्तर रुपये सामान धरून ती आम्ही चारशे वीसला विकतो आणि ती जातात. नव्या मुलींचा हातही त्यावरच बसतो. प्रत्येक दुपट्याला एक चिठ्ठी टाचतो. तिच्यावर शिवणारीचं नाव आणि तासांचा आकडा. चिठ्ठी वाचून भाव करणारं गिऱ्हाईक जरा थांबतं.

आजींच्या वाकळीवर आम्ही नवीन लुगडं चढवलं. त्यांनी ती विकायची नाही असं बजावलं आहे. "इकायची वाकाळ येगळी, घरची येगळी," म्हणतात. तेही खरंच आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. या आठवड्यात घरातली सर्वांत जुनी वाकळ काढा. उसवू नका, नुसती उजेडात अंथरा. सासूबाईंना, आईला, शेजारच्या काकूंना बोलवा आणि विचारा: हा तुकडा कुणाचा? कोणत्या वर्षीचा? ही कुणी शिवली, आणि तिला काय मिळालं? सुनेच्या किंवा नातीच्या हातानं ते वहीत लिहून ठेवा. आणि गटात विकायला वाकळ शिवत असाल, तर शिवायला बसताना घड्याळ बघा आणि उठताना पुन्हा बघा. तो आकडा वहीच्या त्याच पानावर लिहा.

पुढच्या भागात तुमच्या वह्यांतल्या गोष्टी ऐकू. तोपर्यंत नमस्कार.